तीन मजले, एक प्रिंटर: घरातल्या नेटवर्कवर छपाई नेमकी कोठे अडते?

लोकमान्यनगर

नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचे तीन मजल्यांचे घर आहे. तळमजल्यावर माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, कर-सल्ल्याचे काम चालते. तेथील डेस्कटॉपवर विंडोज १० असून त्याला यूएसबी केबलने एक एकरंगी लेझर प्रिंटर जोडलेला आहे. या प्रिंटरला वायफाय नाही आणि नेटवर्कची केबल लावण्याची सोयही नाही. परंतु छपाई अजून स्वच्छ येते आणि कार्ट्रिज शहरात सहज भरून मिळते, त्यामुळे तो बदलावा असे घरात कोणालाही वाटत नाही. पहिल्या मजल्यावर पुतणीचा विंडोज ११ होम असलेला नवा लॅपटॉप आहे, तर दुसऱ्या मजल्यावर माझा विंडोज १० असलेला जुना लॅपटॉप आहे.

पूर्वी माझ्या लॅपटॉपवरून खाली छपाई होत असे. मध्यंतरी दोन बदल झाले. जाड भिंतींमुळे वर वायफाय पोहोचत नव्हते म्हणून पहिल्या मजल्यावर दुसरा राउटर बसवला आणि त्याच सुमारास डेस्कटॉपवर विंडोज नव्याने टाकून घेतले. तेव्हापासून वरच्या दोन्ही लॅपटॉपांना तो डेस्कटॉप यादीत दिसतच नाही. त्याचे नाव टाइप केले तर सापडत नाही. नावाऐवजी त्याचा अंकी पत्ता टाकला तर मात्र युझरनेम आणि पासवर्ड विचारला जातो, पण बाबा रोज ज्या चार अंकांनी संगणक उघडतात ते तेथे स्वीकारले जात नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या डेस्कटॉपवर बाबांच्या अशिलांची पॅन, आधार आणि बँकेची विवरणपत्रे आहेत. त्यामुळे छपाई सुरू व्हावी एवढीच माझी अपेक्षा नसून ती सुरू करताना त्या कागदपत्रांची वाट कोणालाही मोकळी होऊ नये, ही माझी अट आहे. कृपया त्या दृष्टीने मार्गदर्शन करावे.

सुदामानगर

ताई, आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. प्रिंटर शेअर करताना तीन गोष्टी एकापुढे एक जुळाव्या लागतात. पहिली, एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत रस्ता असणे. दुसरी, त्या संगणकाने आपल्याला ओळखणे. आणि तिसरी, दोन्हीकडचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी सॉफ्टवेअरे, व छपाईच्या सेवा यांचे एकमेकांशी पटणे. बहुतेक लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, ड्रायव्हर काढून पुन्हा पुन्हा टाकत राहतात आणि रस्ताच बंद असल्यामुळे त्याचा काहीही उपयोग होत नाही.

उत्तर देण्यापूर्वी काही माहिती हवी आहे. तिन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि प्रत्येकाचा आयपीव्ही४ पत्ता (अंकी पत्ता) व डिफॉल्ट गेटवे (त्याच्या राउटरचा पत्ता) कळवावा. दुसऱ्या राउटरमध्ये खालून आलेली केबल कोणत्या पोर्टमध्ये लावली आहे, म्हणजे वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये की बाकीच्या चार ‘लॅन’ पोर्टांपैकी एकात, हेही पाहावे. डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क विभागात प्रोफाइल ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’, हे सांगावे. शेवटी, बाबा ज्या चार अंकांनी संगणक उघडतात तो पासवर्ड आहे की पिन, याची खात्री करावी, कारण मला वाटते की आपली दुसरी अडचण तेथेच आहे.

रामबाग

आमच्या घरी हीच अडचण होती आणि ती एका संध्याकाळी सुटली. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करावे, विंडोजच्या जादा सुविधांमध्ये ‘एसएमबी १’ सुरू करावे, दोन्हीकडील फायरवॉल बंद करावी आणि पुढे ‘११बी’ने संपणारी त्रुटी आलीच तर रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, ‘आरपीसी ऑथेन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ या नावाचे मूल्य तयार करून ते शून्य करावे. घरातलीच माणसे आहेत, बाहेरचे कोणी नेटवर्कवर येत नाही. मला तरी यात धोका दिसला नाही आणि छपाई तेव्हापासून अखंड सुरू आहे.

तारयंत्र

रामबागकरांचा हेतू मदतीचा आहे हे स्पष्टच आहे आणि त्यांनी सुचवलेल्या उपायांनी पुष्कळदा छपाई सुरू होते हेही खरे आहे. तरीही या धाग्यातील घरासाठी मी त्यांपैकी एकही उपाय सुचवणार नाही. मी इंदूरमधील लहान कार्यालयांच्या नेटवर्कचे काम करतो आणि हे चार उपाय एकत्र केलेले संगणक मला वारंवार पाहायला मिळतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसएमबी हा विंडोजचा फाइली आणि प्रिंटर वाटून घेण्याचा प्रोटोकॉल आहे आणि तो मुख्यतः टीसीपी पोर्ट ४४५ वर चालतो. त्याची पहिली आवृत्ती फार जुनी आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, परंतु असंख्य संगणकांवर ती घातलेली नव्हती. त्याच वर्षीच्या १७०९ या आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने टाकताना एसएमबी १ ची वाटून देणारी (सर्व्हर) बाजू मुळातूनच वगळली जाऊ लागली. मुख्य म्हणजे विंडोज १० आणि विंडोज ११ एकमेकांशी एसएमबी ३.१.१ मधून बोलतात. त्यांना पहिल्या आवृत्तीची गरजच नाही, त्यामुळे ती सुरू केल्याने ताईंच्या घरी धोका वाढेल आणि छपाईला काडीचाही फायदा होणार नाही. एखाद्या जुन्या यंत्राला केवळ तीच आवृत्ती कळत असेल तर प्रश्न वेगळा, पण येथे तसे काही नाही.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केले की नेटवर्कवरील कोणीही पाहुणा म्हणून आत येऊ शकतो. आज फक्त प्रिंटर शेअर केलेला असेल, पण उद्या घाईत कोणी एखादा फोल्डर शेअर केला तर तोही उघडा पडतो. शिवाय हा मार्ग आता पूर्वीसारखा चालतही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या प्रकारांत एसएमबीच्या प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही आवश्यक केलेली आहे. पाहुण्याच्या जोडणीला पासवर्डच नसल्यामुळे ती सही होऊ शकत नाही आणि जोडणी नाकारली जाते. म्हणजे आज पासवर्ड काढून प्रिंटर चालवला तरी घरात पुढे प्रो असलेला लॅपटॉप आला की सगळे पुन्हा अडणार.

फायरवॉल बंद करण्याविषयी एवढेच सांगतो की तिच्यात ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ नावाचा तयार नियम असतो आणि तो प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये सुरू केला की पुरतो. नेमके तेवढेच दार उघडता येत असताना सगळी भिंत पाडण्याचे कारण नाही.

रजिस्ट्रीतील त्या मूल्याविषयी थोडे अधिक. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने छपाईच्या सेवेतील एक दोष दुरुस्त केला. त्यानुसार छपाईच्या दूरस्थ विनंत्यांना अधिक कडक ओळख-तपासणी लागू झाली, पण ती सक्तीची झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. ज्या घरांत एक संगणक अपडेट झालेला होता आणि दुसरा नव्हता तेथे ०एक्स०००००११बी ही त्रुटी दिसू लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ हा गंभीर दोष उघड झाला आणि ऑगस्टपासून नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागू लागला. ही सगळी बंधने छपाईची सेवा संगणकात फार वरच्या अधिकाराने चालते म्हणून घातली आहेत. ते मूल्य शून्य करणे म्हणजे जानेवारीची दुरुस्ती त्या संगणकापुरती मागे घेणे होय. ज्या डेस्कटॉपवर इतरांच्या बँकेची कागदपत्रे आहेत तेथे तरी ते करू नये, असे माझे ठाम मत आहे.

रामबाग

आपण कारणे सांगितलीत हे बरे झाले. एसएमबीची पहिली आवृत्ती आजच काढून टाकतो. पासवर्ड परत लावल्यावर काय करायचे ते पुढच्या प्रतिसादांत येईल अशी आशा आहे, कारण मलाही तेच लागणार आहे.

लोकमान्यनगर

सर्वांचे मनापासून आभार. मागितलेली माहिती अशी आहे. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ असून गेटवे १९२.१६८.१.१ आहे. वरच्या दोन्ही लॅपटॉपांचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होतात आणि त्यांचा गेटवे १९२.१६८.०.१ आहे. दुसऱ्या राउटरमध्ये खालून आलेली केबल निळ्या ‘वॅन’ पोर्टमध्ये लावलेली आहे. डेस्कटॉपचे प्रोफाइल ‘पब्लिक’ आहे. बाबा वापरतात ते चार अंक पिनच आहेत. विंडोज नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले गेले आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाही आठवत नाही.

सुदामानगर

आता चित्र पूर्ण स्पष्ट आहे. आपल्या घरात एक नेटवर्क नसून दोन आहेत. खालच्या राउटरचे १९२.१६८.१ चे आणि त्याच्या पोटात वरच्या राउटरचे १९२.१६८.० चे. केबल वॅन पोर्टमध्ये असल्यामुळे वरचा राउटर खालच्या नेटवर्कला ‘बाहेरचे इंटरनेट’ समजतो आणि वरच्या सर्व यंत्रांना आपल्या एकाच पत्त्याआड लपवतो.

यावरून आपल्या दोन्ही लक्षणांचा उलगडा होतो. संगणकांची नावे आणि यादी ही स्थानिक हाकेवर चालते, म्हणजे एक यंत्र आपल्या नेटवर्कवर सर्वांना उद्देशून विचारते आणि ज्याचे नाव असेल ते उत्तर देते. ही हाक राउटर ओलांडत नाही, म्हणून वर डेस्कटॉप दिसत नाही. पत्ता टाकल्यावर मात्र वरून खाली जाता येते, कारण ते राउटरच्या दृष्टीने बाहेर जाणेच असते. उलट दिशेने, म्हणजे खालून वर, काहीही जाणार नाही. एरवी विंडोजची फायरवॉल शेअरिंगसाठी सहसा आपल्याच नेटवर्कमधील पत्ते मान्य करते, परंतु वरच्या लॅपटॉपांची विनंती राउटरच्या खालच्या बाजूच्या पत्त्यावरून येत असल्यामुळे ती घरचीच ठरते आणि आपल्याला पासवर्ड विचारला जातो. दोन्ही राउटरांचे पत्ते योगायोगाने १९२.१६८.१ नेच सुरू झाले असते तर एवढेही घडले नसते.

उपाय असा की वरच्या राउटरने राउटरचे काम सोडावे आणि फक्त वायफाय पसरवावे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडणे सर्वांत सोपे. तो नसेल तर क्रमाने पुढे जावे, क्रम बदलला तर राउटरचे पान उघडेनासे होते. प्रथम वरच्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलावा, पण हा पत्ता खालचा राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेर असल्याची खात्री करावी. हे करताना खालून आलेली केबल काढून ठेवावी आणि लॅपटॉप वरच्या राउटरला केबलने जोडावा. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्याने आत जाऊन त्याचे ‘डीएचसीपी’ बंद करावे, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील. शेवटी खालून आलेली केबल वॅनऐवजी लॅन पोर्टांपैकी एकात लावावी.

त्यानंतर खालच्या राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी पत्ता राखून ठेवावा. बहुतेक राउटरांत ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. वायफायवर ‘गेस्ट नेटवर्क’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ सुरू असेल तर लॅपटॉप त्या नावाला जोडू नयेत, कारण त्यात यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही.

मग डेस्कटॉपचे प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करावे आणि शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. रस्ता मोकळा झाला का हे पाहण्यासाठी पिंगवर विसंबू नये. वरच्या लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा डेस्कटॉपचा पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन चालवावी. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले की पहिला टप्पा पार पडला, आणि ते येईपर्यंत ड्रायव्हरला हात लावू नये.

तारयंत्र

ओळखीचा भाग मी लिहितो. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. तो त्या यंत्राच्या कीबोर्डवरच चालतो, नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाची ओळख पटवण्यासाठी तो कधीच वापरला जात नाही. पासवर्डच नसलेले खातेही चालत नाही, कारण कोऱ्या पासवर्डच्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ‘पासवर्ड नाही, तर विचारतो कशाला?’ असा प्रश्न अनेक जण करतात, त्याचे उत्तर हे आहे.

आता बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड शोधून काढून तो सर्व लॅपटॉपांवर साठवणे हा एक मार्ग आहे, पण तो मला पसंत नाही. त्या खात्याला डेस्कटॉपवर प्रशासकाचे सर्व अधिकार आहेत आणि बहुधा ईमेलही त्यालाच जोडलेला असतो. एवढी मोठी किल्ली प्रिंटरसाठी घरभर वाटू नये. त्याऐवजी डेस्कटॉपवर केवळ छपाईसाठी एक वेगळे खाते तयार करावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘फॅमिली अँड अदर युझर्स’, तेथे दुसऱ्या व्यक्तीला जोडण्याचा पर्याय निवडून, त्या व्यक्तीची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही असे सांगावे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याविना युझर जोडावा. खात्याचे नाव लहान, रोमन अक्षरांतले आणि मधे जागा न सोडता ठेवावे. पासवर्ड लांब असावा. खाते ‘स्टँडर्ड’च राहू द्यावे, प्रशासक करू नये.

पुढे प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ या पानावर त्याला एक छोटे नाव द्यावे. ‘सिक्युरिटी’ या पानावर सहसा ‘एव्हरीवन’ला छपाईचा अधिकार असतो. ते काढून त्या जागी नव्या खात्याला फक्त ‘प्रिंट’चा अधिकार दिला तर अधिक नेटके होते, मात्र त्याआधी बाबांचे स्वतःचे खाते किंवा प्रशासकांचा गट यादीत आहे ना, हे पाहावे.

लॅपटॉपवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये पत्त्याच्या जागी डेस्कटॉपचे नाव, युझरनेमच्या जागी डेस्कटॉपचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि खात्याचे नाव असे लिहून पासवर्ड साठवावा. डेस्कटॉपचे नाव पुढे लावणे महत्त्वाचे आहे, नाहीतर लॅपटॉप आपल्याच यंत्रावरील त्या नावाचे खाते आहे असे समजून पाठवू शकतो. पुढे प्रिंटर नावाने जोडणार असाल तर येथे नावच लिहावे आणि पत्त्याने जोडणार असाल तर पत्ता; एकाची नोंद दुसऱ्याला चालत नाही.

डेस्कटॉपवर कोणताही फोल्डर शेअर करू नये, म्हणजे या खात्याला छपाईपलीकडे वाटच उरणार नाही.

दांडियाबाजार

मी बडोद्याहून हा धागा वाचत आहे. आमच्याकडे एक मॅक आणि एक लिनक्सचा संगणक आहे, म्हणून वेगळ्या बाजूने थोडे लिहितो. डेस्कटॉप बंद असला की छपाई बंद, ही यूएसबी प्रिंटर शेअर करण्याची कायमची मर्यादा आहे. ज्यांना ती खटकते त्यांनी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक प्रिंटरला जोडून त्यावर ‘कप्स’ ही छपाईची प्रणाली चालवावी. मॅकमध्येही हीच प्रणाली आहे आणि २००७ मध्ये ॲपलने ती विकत घेतली होती. ती पोर्ट ६३१ वर आयपीपी या प्रोटोकॉलने बोलते. विंडोज, मॅक आणि फोन हे तिघेही तो समजतात.

परंतु त्याआधी आपला प्रिंटर कोणत्या जातीचा आहे हे पाहावे. आपल्याकडे घरोघरी दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन्ही ‘होस्ट-बेस्ड’ आहेत. म्हणजे पानाचे चित्र तयार करण्याचे काम संगणकच करतो आणि त्यासाठी त्या प्रिंटरचाच ड्रायव्हर लागतो. १०२० मध्ये तर त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअरही कायम साठत नाही, प्रिंटर सुरू केल्यावर ते दर वेळी संगणकाकडून पाठवावे लागते. लिनक्सवर त्यासाठी मुक्त ड्रायव्हर उपलब्ध आहे आणि तो रास्पबेरी पायवरही चालतो. २९०० चा कॅननचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर मात्र इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, त्यामुळे तो पायवर बसत नाही. राउटरच्या मागे असलेल्या यूएसबी पोर्टला असे प्रिंटर जोडले तर बहुधा याच कारणाने निराशा पदरी येते. खरेदीआधी ही चौकशी केलेली बरी.

लोकमान्यनगर

वरचा राउटर सुदामानगरकरांनी सांगितलेल्या क्रमाने बदलला. आता तिन्ही संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि पोर्ट ४४५ ची तपासणी ‘ट्रू’ येते. डेस्कटॉपवर छपाईचे वेगळे खाते केले, पुतणीच्या लॅपटॉपवर त्याची नोंद साठवली आणि प्रिंटर जोडताना ड्रायव्हरसाठी तिच्याच लॅपटॉपच्या प्रशासकाची परवानगी दिली. तिची छपाई सुरू झाली आहे. बाबांना आपल्या संगणकावर काहीच वेगळे करावे लागले नाही याचा त्यांना विशेष आनंद आहे.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र डेस्कटॉप दिसतो, पासवर्ड स्वीकारला जातो, प्रिंटरही दिसतो, पण तो जोडताना ०एक्स०००००११बी हीच त्रुटी येते. या लॅपटॉपवर फार काळ अपडेट घेतलेले नाहीत.

तारयंत्र

ताई, दोन टप्पे पार पडल्याशिवाय ही त्रुटी दिसतच नाही, त्यामुळे आपण बरोबर तिसऱ्या टप्प्यावर आहात. पहिला आणि खरा उपाय म्हणजे त्या लॅपटॉपवर विंडोजचे सर्व अपडेट घेणे. डेस्कटॉप कडक तपासणी मागतो आणि लॅपटॉपला ती देता येत नाही, एवढाच हा वाद आहे. अपडेट घेतल्यावर तो बहुतेक वेळा मिटतो.

अपडेटनंतरही अडले, किंवा अपडेट पूर्ण व्हायला वेळ लागणार असेल, तर एक जुना पण सुरक्षिततेला धक्का न लावणारा मार्ग आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन लॅपटॉपवरच टाकावा. मग ‘ॲड प्रिंटर’मध्ये हवा तो प्रिंटर यादीत नाही असे सांगून, स्थानिक प्रिंटर स्वतः जोडण्याचा पर्याय निवडावा, नवा पोर्ट तयार करताना ‘लोकल पोर्ट’ हा प्रकार घ्यावा आणि पोर्टचे नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, डेस्कटॉपचे नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचे शेअर केलेले नाव लिहावे. पुढे आपण टाकलेला ड्रायव्हर निवडावा. यात लॅपटॉप डेस्कटॉपच्या छपाई-सेवेशी ड्रायव्हर आणि सेटिंगची बोलणी करत नाही, तो स्वतः पान तयार करून ते एसएमबीवरून प्रिंटरच्या रांगेत टाकतो. त्यामुळे ज्या बोलणीवर ११बी येते ती बोलणीच टळते, आणि ओळख पटवणे मात्र कायम राहते. पासवर्डची नोंद आधी साठवलेली असावी, नाहीतर पोर्ट तयार करतानाच प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो.

या पद्धतीत कागद संपला, टोनर कमी आहे असे संदेश लॅपटॉपवर दिसत नाहीत, आणि प्रिंटरशी सतत दुहेरी संवाद मागणाऱ्या काही ड्रायव्हरांना ती मानवतही नाही. एका साध्या चाचणी-पानाने ते लगेच कळते.

विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून काही ठिकाणी ०एक्स०००००७०९ ही त्रुटी येते. तिचे कारण वेगळे आहे. तेथे छपाईच्या विनंत्या पूर्वीच्या ‘नेम्ड पाइप’ मार्गाऐवजी टीसीपीने जाऊ लागल्या. ती आल्यास ११बी चे उपाय करत बसू नये.

सुदामानगर

एक सूचना राहून गेली होती. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बाबांच्या डेस्कटॉपवर अशिलांची कागदपत्रे असल्यामुळे त्यावर एकतर विंडोज ११ घ्यावे किंवा, यंत्र त्यास पात्र नसेल तर, मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-अपडेटची नोंदणी करावी. घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. छपाईपेक्षा हे काम मला अधिक तातडीचे वाटते.

रामबाग

वेगळ्या खात्याची पद्धत आमच्या घरीही केली. पासवर्ड परत सुरू केला, फायरवॉल परत लावली, रजिस्ट्रीतील मूल्य काढून टाकले आणि छपाई चालू आहे. एक शंका आहे. कधीकधी एखादे पान रांगेत अडकते, रद्द केले तरी जात नाही आणि मग सर्वांचीच छपाई थांबते. त्यासाठी आम्ही संगणक बंद करून सुरू करतो. दुसरा मार्ग आहे का?

तारयंत्र

आहे. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवावी, विंडोजच्या फोल्डरात ‘सिस्टीम३२’, त्यात ‘स्पूल’, त्यात ‘प्रिंटर्स’ या फोल्डरातील फाइली काढाव्यात, फोल्डर मात्र तसाच ठेवावा, आणि सेवा पुन्हा सुरू करावी. प्रिंटर ज्या संगणकाला जोडला आहे तेथे आधी हे करावे. तेथे रांग रिकामी असूनही पान अडलेले दिसत असेल तर ते पाठवणाऱ्या लॅपटॉपवर अडकलेले असते, मग तेथेही तेच करावे.

लोकमान्यनगर

माझ्या लॅपटॉपवर सर्व अपडेट घेतले आणि ११बी पुन्हा आली नाही, त्यामुळे लोकल पोर्टची गरज पडली नाही. बाबांचा डेस्कटॉप विंडोज ११ साठी पात्र नसल्याचे तपासणीत दिसले, म्हणून वाढीव अपडेटची नोंदणी करून घेतली आहे.

एक शेवटचे विचारते. इंटरनेट कंपनीने खालचा राउटर लवकरच बदलून देणार असल्याचे कळवले आहे. त्यामुळे हे सर्व पुन्हा बिघडेल का?

सुदामानगर

खाते, प्रिंटरचे शेअर केलेले नाव आणि लॅपटॉपवरील नोंदी तशाच राहतील, पण तीन गोष्टी पाहाव्या लागतील. गेटवे बदलल्यामुळे विंडोज ते नवे नेटवर्क समजेल आणि डेस्कटॉपचे प्रोफाइल पुन्हा ‘पब्लिक’ होण्याची शक्यता आहे, ते ‘प्रायव्हेट’ करावे. डेस्कटॉपसाठी राखलेला पत्ता जुन्या राउटरसोबत जाईल, तो नव्यात पुन्हा नोंदवावा. आणि नवा राउटर १९२.१६८.१ ऐवजी दुसऱ्या टप्प्यातले पत्ते वाटत असेल तर वरच्या ॲक्सेस पॉइंटचा स्वतःचा पत्ताही त्या टप्प्यात आणावा. कंपनीचा माणूस घरी असतानाच नव्या राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्याच्याकडून मागून घ्यावा, कारण नंतर तो मिळवण्यात बराच वेळ जातो.

लोकमान्यनगर

ही यादी लिहून डेस्कटॉपशेजारी लावते. राउटर बदलल्यावर येथे कळवीन.